आवळणं आणि सोडणं

खेळण्यातली मोटार म्हणून हसू नका. रेडिओवर चालणाऱ्या, खऱ्या मोटारीच्या एक-दशांश आकाराच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथं झाली, तीही उंचसखल मातीवर. अशा मातीत नुसत्या वेगानं काम भागत नाही.

वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. ही तफावत डिफरन्शियल सांभाळतं. त्यात सिलिकॉनचं तेल असतं. तेल पातळ असेल तर चाकं मोकळी राहतात, गाडी सहज वळते. पण एक चाक हवेत गेलं की बरीचशी ताकद त्याच चाकात वाया जाते. दाट असेल तर दोन्ही चाकं जखडल्यासारखी फिरतात आणि वळणावर फरफटतात.

शॉक अॅब्सॉर्बरमध्येही तेलच. नवशिका धसक्यानं ते दाट करतो, स्प्रिंगा कडक बसवतो. मग चाकं खड्ड्याखड्ड्यांवरून उडतात. आणि जमीन सुटलेलं चाक ना वळवतं, ना थांबवतं. फार सैल सोडलं, तर उडीनंतर गाडीचं बूड आपटतं. मुलं वाढवताना आपलं याहून वेगळं काय होतं?

जाणकार एका वेळी एकच बदल करतो, चार फेऱ्या मारतो, वहीत टिपतो. बँकेत जन्म गेल्यामुळे मला हे पटतं. दोन बदल एकदम केले, तर नफा कोणाच्या खात्यावर मांडायचा?