एकच खेळ पुन्हा का खेळावा?

व्हिडिओ गेमच्या जाहिरातींत हल्ली एक आकडा हमखास आढळतो : साठ तासांची कथा, शंभर तासांचा खेळ. कन्सोलवरील नव्या खेळासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात, तेव्हा ग्राहकाने तासांचा हिशेब करावा हे स्वाभाविकच आहे. मात्र रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन दीर्घ कथेतून प्रवास करतो तो प्रकार, या हिशेबात नीट बसत नाही. शंभर तासांचे कित्येक खेळ एकदा संपले की कायमचे बाजूला पडतात. याउलट वीस-पंचवीस तासांत संपणारा एक खेळ तीस वर्षांनंतरही लोक आवडीने पुन्हा खेळतात.

तो खेळ म्हणजे ‘क्रोनो ट्रिगर’. जपानच्या स्क्वेअर कंपनीने मार्च १९९५ मध्ये तो सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी आणला. ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे युजी होरी आणि ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा हे तिघे त्यासाठी एकत्र आले होते. क्रोनो नावाचा तरुण आणि त्याचे सोबती वेगवेगळ्या काळांत प्रवास करून १९९९ साली होणारा जगाचा विनाश टाळू पाहतात, एवढेच त्याचे कथासूत्र.

या खेळाच्या आरंभी एक जत्रा आहे. तेथे क्रोनोची एका मुलीशी टक्कर होते आणि तिच्या गळ्यातले पदक खाली पडते. एका बाजूला कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला असतो, एका लहान मुलीचे मांजर हरवलेले असते. दिसेल ती वस्तू उचलायची, ही सवय अशा खेळांनीच लावलेली असल्याने खेळाडू सहज तो डबा फस्त करतो. पुढे राजकन्येला पळवल्याच्या आरोपावरून क्रोनोवर खटला चालतो आणि जत्रेतील या साऱ्या कृती साक्षी-पुराव्यांच्या रूपाने समोर येतात. आधी मुलीची विचारपूस केली की पदक उचलले, मांजर शोधून दिले का, डबा कुणी खाल्ला, हे सर्व न्यायालयाला ठाऊक असते!

निकाल काहीही लागो, क्रोनोची रवानगी तुरुंगातच होते. म्हणजे कथेचा मार्ग फारसा बदलत नाही. तरीही हा प्रसंग विसरला जात नाही, कारण आपल्या क्षुल्लक वागण्याचीही येथे नोंद होते हे खेळाडूला त्या क्षणी उमगते. दुसऱ्या फेरीत जत्रा तीच असते, पण त्याच डब्यासमोर तो थबकतो. पुन्हा खेळण्याचे पहिले कारण हेच : खेळाने खेळाडूच्या कृतीची आठवण ठेवलेली असते.

दुसरे कारण रचनेत आहे. एकदा खेळ पूर्ण केल्यावर ‘न्यू गेम प्लस’ हा पर्याय खुला होतो. पात्रांनी कमावलेले सामर्थ्य आणि शस्त्रास्त्रे घेऊन कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. हे नावच पुढे अशा सोयीसाठी रूढ झाले. अंतिम शत्रू लाव्होस याला या फेरीत अगदी आरंभीही आव्हान देता येते आणि त्याला कथेच्या कोणत्या टप्प्यावर हरवले यावर शेवट अवलंबून असतो. असे दहाहून अधिक शेवट या खेळात आहेत. पहिल्या फेरीत शेवटपर्यंत पोहोचण्याची धडपड असते. दुसऱ्या फेरीत शेवट केव्हा घडवायचा, हे खेळाडू ठरवतो.

तिसरे कारण आहे बाजू बदलण्याचे. २०१९ साली निन्टेन्डो स्विचवर आलेल्या ‘फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस’मध्ये खेळाडू शिक्षक असतो आणि विद्यार्थ्यांच्या तीन गटांपैकी एकाची निवड करतो. पुढे युद्ध पेटते, तेव्हा इतर गटांतील ओळखीचे चेहरे समोर शत्रू म्हणून उभे राहतात. दुसऱ्या फेरीत वेगळा गट निवडला, की मागच्या खेपेला ज्याला रणांगणात पाडले तोच आपला विद्यार्थी होतो. त्याचा पक्ष कळल्यावर आधीचा विजय तितकासा निर्मळ वाटत नाही.

याच खेळात एक उणीवही दिसते. कोणताही गट निवडला तरी पूर्वार्धातील मठातले दिवस बहुतांशी सारखेच जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत ती कामे कंटाळवाणी होतात. ‘क्रोनो ट्रिगर’ येथे सरस ठरतो. त्याचा आटोपशीरपणा आणि आधी कमावलेले सामर्थ्य यांमुळे दुसरी फेरी झपाट्याने पुढे सरकते. नुसती लांबी वाढवणारा खेळ पुनरावृत्तीची वाटच बंद करतो, हे निर्मात्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

म्हणून खेळ विकत घेताना तासांपेक्षा वेगळा प्रश्न विचारावा : माझ्या वागण्याने यात काही बदलते का, आणि तो बदल पाहण्यासाठी पुन्हा किती वेळ द्यावा लागेल? घरातला मुलगा किंवा मुलगी संपलेला खेळ पुन्हा घेऊन बसली, तर ‘परत तेच का?’ असे रागावण्याआधी या वेळी काय वेगळे करणार आहेस, एवढे विचारून पाहावे. उत्तर तत्काळ मिळाले, तर त्या खेळाचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजावे.