मॅटरहॉर्नची उलटी उतरंड

सह्याद्रीत भटकणाऱ्याच्या नजरेला एक सवय जडलेली असते. कातळ म्हणजे लाव्हाच्या थरांची उतरंड: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हीच नजर घेऊन स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावातून मॅटरहॉर्नकडे पाहिलं, तर फसगत ठरलेली. ४,४७८ मीटर उंचीच्या या शिखराचा माथा पायथ्याच्या खडकापेक्षा कितीतरी जुना आहे!

पायथ्याशी आहे तो एका मिटून गेलेल्या समुद्राचा तळ. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी टेथिस महासागराचा हा पश्चिमेकडचा फाटा युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये होता. पाण्याखाली लाव्हा बाहेर पडला की चटकन थिजतो आणि त्याचे उशांसारखे गोळे होतात. तसे गोळे झरमॅटच्या आसपासच्या डोंगरांत आजही दिसतात. माथ्याचा नाइस खडक मात्र समुद्रापलीकडच्या, आफ्रिकेच्या बाजूच्या एड्रिया भूखंडाचा. भूखंड जवळ आले, मधला समुद्र मिटला आणि पलीकडची जमीन त्याच्या तळावर चढून बसली. ‘मॅटरहॉर्न मूळचा आफ्रिकेचा’ असं रंगवून सांगितलं जातं, ते यामुळे. पण ते अर्धंच खरं, पायथा कुठे टाकायचा?

इटलीच्या बाजूला चिन्याना तलावाजवळच्या, याच समुद्रतळाच्या खडकांत कोएसाइट हे खनिज सापडलं आहे. ते तयार व्हायला सुमारे ९० किलोमीटर खोलीवरचा दाब लागतो. समुद्रतळाचा तो तुकडा एवढा खाली गेला आणि परतही आला. मला शिखराच्या उंचीपेक्षा ही खोली अधिक थक्क करते.

टोकदार आकार दिला तो बर्फानं. चारी बाजूंनी हिमनद्यांनी डोंगर कोरला. अशी कोरलेली खोलगट हिमगव्हरं पाठीला पाठ लावून भिडली आणि मधे उरलं ते गिरिशृंग. भूगोलाच्या पुस्तकातला शब्द, पण इतका चोख नमुना विरळाच.

आता बर्फच काळजीचा विषय झाला आहे. उंचावरच्या फटींतला बर्फ कातळ बांधून ठेवतो; तो वितळला की कातळ सुटतो. १८६५ मध्ये एडवर्ड व्हिम्पर आणि त्याचे सहकारी ज्या हर्नली धारेनं पहिल्यांदा माथ्यावर पोचले, त्याच धारेवरचा कडा जुलै २००३ मधल्या उष्णतेच्या लाटेत कोसळला. उघड्या पडलेल्या खाचेत बर्फ चमकत होता. तिथेच, सुमारे ३,५०० मीटरवर, २००८ पासून शास्त्रज्ञांचे संवेदक फटी किती रुंदावतात ते मोजत आले आहेत.