उरल्याच्या रात्रपाळीवरील संशोधन कोणासाठी?

रायपूर शहराच्या उत्तरेला, बिरगावला लागून, उरला ही औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो अलॉय आणि ओतकामाचे कारखाने तेथे दाटीने उभे आहेत. रायपूरकरांना उरल्याची ओळख बहुधा गच्चीवर साचणाऱ्या काळ्या पुडीवरून होते. त्या पुडीविषयी वर्तमानपत्रांत वेळोवेळी छापून येते. मात्र भट्टीसमोर रात्रभर उभा राहणारा कंत्राटी कामगार दिवसा पत्र्याच्या खोलीत किती झोपतो, चिडचिड, धास्ती, तंबाखू यांचा त्या झोपेशी काय संबंध आहे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आरोग्य मानसशास्त्राचा हा विषय आहे.

निवृत्तीनंतर मी एका संस्थेच्या नीतिसमितीवर ‘सामान्य नागरिक’ या नात्याने बसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीवर वैद्यक आणि विज्ञान यांच्या बाहेरचा एक सदस्य असावा लागतो. संमतिपत्र साध्या माणसाला कळते की नाही हे पाहणे, एवढेच त्याचे काम. गेल्या वर्षी एका तरुण संशोधिकेचा प्रस्ताव समितीपुढे आला. उरल्यातील रात्रपाळीच्या कामगारांची झोप आणि मानसिक ताण हा तिचा विषय होता. संमतिपत्र वाचून पाहावे म्हणून मी तिच्याबरोबर कारखान्याच्या फाटकाबाहेरील चहाच्या टपरीवर गेलो. ओडिशातून आलेल्या एका कामगाराने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “साहब, छपेगा तो हमको पढ़ने मिलेगा क्या?”

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मला माझीच एक जुनी फाईल आठवली. सेवेत असताना कामगारांच्या आरोग्यतपासणीचा एक अहवाल माझ्या मेजावर आला होता. त्यातील निष्कर्ष गैरसोयीचे होते. मी त्यावर ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असा शेरा लिहिला आणि तो वर पाठवला. तो पुढे कोठे गेला हे मी कधी विचारले नाही. ज्यांच्या छातीची छायाचित्रे त्यात होती त्यांनाही कोणी काही कळवले नाही. शेरा नियमाला धरून होता, ही सबब मी बरीच वर्षे स्वतःला देत आलो.

मी इतिहासाचा विद्यार्थी. कुलूपबंद कागदांची कथा आम्हाला परकी नाही. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून खासगी दप्तरे धुंडाळत राहिले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापत गेले. पुण्यातील पेशवे दफ्तर मात्र सरकारच्या ताब्यात होते आणि संशोधकांना ते सहजी खुले नव्हते. राजवाडे १९२६मध्ये निवर्तले. त्यानंतर १९३०च्या दशकाच्या आरंभी गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आणि मराठ्यांच्या इतिहासाविषयीचा वाद ऐकीव माहितीवरून कागदावर आला. साधन कोणाच्या कपाटात आहे यावर इतिहास कोण लिहिणार हे ठरते. विज्ञानाचीही गत वेगळी नाही, फक्त तेथे कपाटाची किल्ली बहुधा प्रकाशन कंपनीकडे असते.

व्यवहार असा आहे. संशोधन बहुतांशी सार्वजनिक पैशातून होते. लेखक मानधन घेत नाही, तज्ज्ञ परीक्षकही विनामूल्य तपासतात. मग तोच लेख वाचण्यासाठी ग्रंथालयाला वर्गणी भरावी लागते. या उफराट्या व्यवहाराविरुद्ध फेब्रुवारी २००२मध्ये बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने ‘मुक्त प्रवेश’ ही संकल्पना मांडली, म्हणजे लेख कोणालाही, कोठेही, विनामूल्य वाचता यावा. मुंबईने यात जगाच्या मागे राहून अनुकरण केले नाही. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय यांचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५पासून निघते. या शतकाच्या आरंभीच त्याचा संपूर्ण मजकूर इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्यात आला. त्यामागे असलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांच्या मुंबईतील ‘मेडनो’ या संस्थेने पुढे अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिकांसाठी हीच वाट धरली. फुकट वाचायला दिले तर वर्गणीदार पळतील, ही भीती तेव्हा सर्वत्र होती. प्रत्यक्षात वाचक वाढले आणि परदेशातून येणारे लेखही वाढले. २०११मध्ये ‘मेडनो’ एका बहुराष्ट्रीय प्रकाशन कंपनीने विकत घेतली, हेही नोंदवले पाहिजे. खुल्या अंगणाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

कारण दरम्यान खर्चाची दिशा उलटली. वाचकाकडून पैसे घेता येत नाहीत तर लेखकाकडून घ्यावेत, असा प्रघात पडला. ‘नेचर’ या विख्यात साप्ताहिकाने २०२१पासून मुक्त प्रवेशासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली. हे टोकाचे उदाहरण झाले, पण मध्यम प्रतीच्या नियतकालिकाचे शुल्कही रायपूरच्या संशोधन विद्यार्थिनीच्या कित्येक महिन्यांच्या शिष्यवृत्तीइतके भरते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३००हून अधिक शासकीय संस्था असा तिचा पसारा आहे. छोट्या गावातील सरकारी महाविद्यालयाला तिचा उपयोग होईल यात शंका नाही. पण टपरीवरचा तो कामगार, त्याच्या संघटनेचा कार्यकर्ता, बिरगावात दवाखाना चालवणारा खासगी डॉक्टर हे त्या ६,३०० संस्थांत बसत नाहीत. आपण किल्ल्यांचा मोठा जुडगा विकत घेतला. कुलूप आहे तेथेच आहे.

संशोधिकेला आणखी एक मोह पडला होता. रोज तिच्या ईमेलवर ‘आदरणीय प्राध्यापक’ अशी सुरुवात करणारी, चार दिवसांत लेख छापून देण्याची हमी देणारी निमंत्रणे येत. प्राध्यापकांची बढती छापील लेखांच्या गुणांना जोडली गेली तेव्हापासून हा बाजार आपल्याकडे फोफावला. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी जवळपास ८८ टक्के निकषांवर उतरत नाहीत. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढली. पुढे केअर यादी आली आणि २०२५मध्ये आयोगाने तीही बंद करून जबाबदारी संस्थांवर सोपवली. यादी पाहून निर्धास्त होण्याची आपली प्रशासकीय सवय यामुळे मोडली तर बरेच. मी तिला एवढेच सांगितले, की शुल्क न घेणारी सचोटीची नियतकालिके देशात आहेत. १९१३पासून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ हे त्यांतले एक. तेथे वाट पाहावी लागते, लेख परतही येतो.

समितीत खरा वाद झाला तो मात्र लेखावरून नव्हे, आकड्यांवरून. अनेक नियतकालिके आता लेखाबरोबर मूळ नोंदीही खुल्या ठेवा म्हणतात. तत्त्व रास्त आहे. मीही पूर्वी आनंदाने होकार दिला असता. पण पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात वय, मूळ जिल्हा, कामाचा विभाग आणि नोकरीची वर्षे एवढे चार रकाने पुढे ठेवले, की मुकादम नाव न वाचताही माणूस ओळखतो. ‘गेल्या पंधरवड्यात जगणे नकोसे वाटले का’ या प्रश्नाला कोणी ‘हो’ म्हटले, हे कंत्राटदाराला कळले तर त्याचे काम जाईल. भिलाई-उरला पट्ट्यातील कंत्राटी कामगारांच्या चळवळीचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. त्या आठवणीच्या भूमीत ‘माहिती खुली करा’ हे वाक्य सरळ उच्चारता येत नाही. माझे मत असे, की निष्कर्ष पूर्ण खुले असावेत आणि माणसे पूर्ण झाकलेली. आपल्याकडे नेमके उलटे घडते. कामगाराचे नाव, आधार क्रमांक, छायाचित्र दहा ठिकाणी फिरते आणि अहवालावर शेरा पडतो.

दोन बैठकांनंतर ठरले, की वयाचे गट करावेत, जिल्ह्याऐवजी राज्य लिहावे, विभागाचा रकाना गाळावा आणि मूळ नोंदी केवळ लेखी अर्जावर, नीतिसमितीच्या मान्यतेने द्याव्यात. काही सदस्यांना हे मुक्ततेशी विसंगत वाटले. तसा विरोध इतिवृत्तात नोंदवला आहे.

संमतिपत्रात एक वाक्य वाढले. अभ्यास छापून आल्यावर त्याचा सार एका पानावर, हिंदी आणि छत्तीसगढीत, त्याच फाटकाबाहेर वाटला जाईल. ओडियाचे काय, असे मी विचारले. संशोधिकेने वहीत टिपून घेतले. लेख सध्या परीक्षकांकडे आहे. पहिल्या परीक्षकाने प्रश्नावलीच्या भाषांतराविषयी सहा शंका काढल्या आहेत. त्यांतील एक ‘जी घबराथे’ या छत्तीसगढी शब्दप्रयोगाविषयी आहे: ही चिंता मानावी की छातीतली धडधड? तिने मला विचारले. आम्ही पुन्हा त्या टपरीवर जाणार आहोत.