‘गजनी’तली १५ मिनिटे

२००५ साली ‘गजनी’ नावाचा तमिळ चित्रपट आला. दिग्दर्शक होते ए. आर. मुरुगदास, नायक सूर्या आणि नायिका असिन. २००८ साली याच दिग्दर्शकाने तो आमीर खानला घेऊन हिंदीत केला. आपल्यापैकी बहुतेकांना ही गोष्ट माहीत आहे ती या हिंदी चित्रपटामुळे. मूळ तमिळ चित्रपटाचा नायक संजय रामसामी हा मोबाइल फोनच्या कंपनीचा मालक. जाहिरातींमध्ये छोटी-मोठी कामे करणाऱ्या कल्पनावर त्याचे प्रेम बसते. तो कोण आहे हे मात्र तिला ठाऊक नसते. पुढे गुंड तिचा खून करतात आणि संजयच्या डोक्यात लोखंडी कांब घालतात. संजय वाचतो, पण त्यानंतर घडणारी कोणतीही गोष्ट त्याच्या लक्षात १५ मिनिटांपलीकडे राहत नाही. म्हणून तो फोटो काढतो, चिठ्ठ्या लिहितो, आणि कल्पनाचा खून झाला ही गोष्ट चक्क अंगावर गोंदवून घेतो. मग मारामाऱ्या करत सूडाचा प्रवास सुरू होतो. (२००० सालच्या ‘मेमेंटो’ या इंग्रजी चित्रपटाशी असलेले साम्य अनेकांच्या लक्षात आले होते.)

चित्रपट पाहिल्यावर मुले हमखास विचारतात, ‘सर, असं खरंच होतं का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच देऊन टाकण्यासारखे नाही. संजयला जुने सगळे आठवते, चालता-बोलता येते, मारामारीही करता येते. फक्त नवे काही लक्षात राहत नाही. असे नेमके एवढेच बिघडणे कसे शक्य आहे?

स्मृती म्हणजे कपाट नव्हे

आठवणी म्हणजे डोक्यातल्या एका कपाटात रचून ठेवलेल्या वस्तू, अशी आपली साधारण समजूत असते. तसे असते तर कपाट फुटल्यावर जुन्या-नव्या सगळ्याच वस्तूंची सारखीच पडझड झाली असती. तसे होत नाही, हे शास्त्रज्ञांना सर्वांत स्पष्टपणे कळले ते एका माणसामुळे. अभ्यासाच्या लेखांत त्याचे नाव फक्त ‘एच. एम.’ असे छापले जाई. २ डिसेंबर २००८ रोजी तो वारला, तेव्हा त्याचे पूर्ण नाव जगाला कळले : हेन्री मोलायसन. हिंदी ‘गजनी’ आला तोही याच महिन्यात.

हेन्रीचा जन्म अमेरिकेत १९२६ साली झाला. त्याला फेफऱ्याचे तीव्र झटके येत आणि औषधांनी ते थांबत नसत. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा मेंदूचा काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचाही मोठा भाग गेला. हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीक भाषेत समुद्रघोडा. आकार तसा, म्हणून हे नाव. तो नेमके काय काम करतो हे त्या काळी कोणालाच नीट माहीत नव्हते.

झटके बरेच कमी झाले. हेन्रीची बुद्धी शाबूत राहिली, बोलणे नीट राहिले, बालपणही आठवत होते. पण नव्याने घडलेले काहीच टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षे त्याचा अभ्यास करत होत्या. प्रत्येक भेटीत त्या हेन्रीला नव्याच वाटत.

यावरून असे दिसले की आठवण तयार करणे आणि तयार झालेली आठवण सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. एखादा प्रसंग घडतो तेव्हा दृश्य, आवाज, वास यांच्या नोंदी मेंदूच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या ठिकाणी होतात. त्या एकत्र बांधण्याचे काम हिप्पोकॅम्पस करतो. पुढे काही महिने, कधी काही वर्षे, त्या नोंदींचे आपसांतले जोड पक्के होत जातात आणि मग हिप्पोकॅम्पसवरचा भार कमी होतो. म्हणून तो गेला तरी बालपण शिल्लक राहते, पण आज सकाळ राहत नाही. संजयच्या बाबतीत चित्रपटाने ही मुख्य गोष्ट बरोबर पकडली आहे.

मग १५ मिनिटांचे काय?

मेंदूत असे घड्याळ नसते. आपण एखादा फोन नंबर मनात घोळवत असतो तेव्हा तो ज्या तात्पुरत्या स्मृतीत असतो, तिला हिप्पोकॅम्पसची फारशी गरज नसते. लक्ष हटले नाही, तर ती टिकते. मिल्नरबाईंनी हेन्रीला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. त्याने तो सुमारे १५ मिनिटे टिकवला! कसा? तो मनात गणिते करत राहिला : ५, ८ आणि ४ यांची बेरीज १७, त्यातून ८ वजा केले की ९ उरतात, ९ चे दोन भाग केले की ५ आणि ४. पण एकदा लक्ष दुसरीकडे गेल्यावर, थोड्याच वेळात आकडा तर गेलाच, आपल्याला आकडा सांगितला होता हेही त्याला आठवेना.

म्हणजे खऱ्या संजयची आठवण बरोबर १५ मिनिटांनी पुसली जाणार नाही. दारावरची बेल वाजली तर ती अर्ध्या मिनिटातही जाईल.

आणखी काही ठिकाणी चित्रपट वास्तव सोडतो. डोक्यावर जबर मार बसला तर नेमका हिप्पोकॅम्पस तेवढा बिघडावा आणि बाकी मेंदू ठणठणीत राहावा, असे क्वचितच घडते. लक्ष, संयम, तोल यांवरही परिणाम होतो. शुद्ध स्वरूपातला असा विकार जास्त करून मेंदूज्वर झाल्यावर किंवा मेंदूला काही मिनिटे प्राणवायू न मिळाल्याने दिसतो. शिवाय मार बसण्याच्या आधीचे काही क्षण किंवा तास बहुधा पुसले जातात, कारण ते अजून ‘पक्के’ झालेले नसतात. अंगावर गोंदवण्याची युक्ती मात्र अगदीच खुळी नाही. चिठ्ठी लिहिली आहे हेच विसरले तर चिठ्ठीचा उपयोग काय? अंग मात्र रोज समोर असते. असे रुग्ण प्रत्यक्षात वही, गजर, फोन वापरतात आणि ‘वही उघडून पाहायची’ ही सवय त्यांना सरावाने लावावी लागते.

१९८२ सालच्या ‘मूंद्राम पिरै’ या बालू महेंद्र यांच्या तमिळ चित्रपटात (हिंदीत ‘सदमा’, १९८३) उलट प्रकार आहे. तिथे अपघातानंतर श्रीदेवीची नायिका मागचे सगळे विसरून लहान मूल होते. अपघाताने मागचे काही विसरणे खरे आहे. पण साधारणपणे आधी जाते ते अलीकडचे, बालपण सर्वांत चिवट. मोठे माणूस वागण्या-बोलण्यात सहा-सात वर्षांचे होणे ही कथाकाराची सोय आहे. आणि अनेक चित्रपटांत दिसणारा ‘दुसरा फटका बसला आणि स्मृती परत आली’ हा प्रकार तर धोकादायक आहे. दुसऱ्या फटक्याने मेंदूची हानी वाढते.

हाताला आठवते ते

नवे काही लक्षात राहत नसताना माणूस नवे काही शिकू शकेल का? मिल्नरबाईंनी हेन्रीला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. कागदावर एकात एक अशा दोन चांदण्या काढा. कागदासमोर आरसा उभा करा. वही आडवी धरून हात झाका, म्हणजे हात आणि चांदणी फक्त आरशातच दिसतील. आता दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवा. पेन्सिल कितीदा रेषेबाहेर गेली ते मोजा. दहा वेळा करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा आणि चुकांचा आलेख काढा.

चुका कमी होत जातात. हेन्रीच्याही झाल्या, तीन दिवसांत त्याचा हात चांगलाच बसला. पण दर वेळी त्याला वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत! म्हणजे सायकल चालवण्यासारख्या कौशल्यांची स्मृती वेगळी असते आणि ती मेंदूच्या इतर भागांत तयार होते. मुलांना विचारा : आज तुमचा हात काय शिकला ते शब्दांत सांगता येईल का?

प्रसंग विसरला, भावना राहिली

आता या गोष्टीच्या गाभ्याकडे येऊ. कल्पनाच्या खुनाची गोष्ट अंगावर वाचून संजयचे दुःख दर वेळी ताजे होते. हेन्रीलाही त्याच्या काकांच्या मृत्यूची बातमी सांगितली तेव्हा अतिशय दुःख झाले. नंतर तो ती विसरला, काका कधी येणार असे विचारू लागला, आणि पुन्हा सांगितले की पुन्हा तितकाच दुःखी होई. पण दोन वेळांच्या मधल्या काळात काय? आठवण गेली की भावनाही जाते का?

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१० साली याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या पाच रुग्णांना चित्रपटांतले दुःखद प्रसंग दाखवले, वेगळ्या वेळी आनंदाचेही दाखवले. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिले ते धड सांगता येईना. दुःख किंवा आनंद मात्र टिकून होता. का वाईट वाटते आहे हे माहीत नाही, तरी वाईट वाटते आहे! २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांमध्येही असेच आढळले.

इंग्लंडमधले संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग यांचे उदाहरणही असेच आहे. १९८५ साली विषाणूमुळे झालेल्या मेंदूज्वराने त्यांची नवी स्मृती काही सेकंदांवर आली. जुन्या आयुष्याचाही बराच भाग गेला. पत्नी खोलीत आली की मात्र ते प्रत्येक वेळी, जणू वर्षांनी भेटल्यासारखे, आनंदाने तिला मिठी मारत. पियानोही वाजवत.

शाळेत आणि घरी

यातून आपण शिक्षकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली सावधगिरीची. मैदानावर पडून डोक्याला मार लागलेले मूल ‘मी कुठे आहे? काय झालं?’ असे तेच तेच विचारत असेल, तर त्याच्या मेंदूत त्या क्षणी नवी आठवण बनत नाही. ते हसण्यावारी नेऊ नये. उलट्या होत असोत किंवा नसोत, गुंगी असो वा नसो, त्याला खेळातून बाहेर काढून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरी गोष्ट अनेक मुलांच्या घरातली आहे. आजी नातवंडांची नावे विसरते, सकाळी कोण भेटून गेले ते दुपारी तिला आठवत नाही. ‘तिला काही आठवत नाही, मग जाऊन काय उपयोग?’ असे मुलांना वाटते, मोठ्यांनाही वाटते. नातू येऊन गेला हे आजी विसरेल, पण त्याने हात हातात घेतला तेव्हाचे बरे वाटणे काही वेळ तिच्यापाशी राहील. तिच्यावर कोणी खेकसले तर ते वाईट वाटणेही राहील, आणि ते कशामुळे आहे हे तिला सांगता येणार नाही.

‘गजनी’वर वर्गात चर्चा निघाली, तर ती इथपर्यंत जरूर न्यावी.