तिसरे शील आणि आपण पुरुष

दर रविवारी विहारात आम्ही सारे हात जोडून पंचशील ग्रहण करतो. मद्यपानाच्या पाचव्या शीलावर आपल्याकडे व्याख्याने होतात. तिसऱ्या शीलाविषयी, म्हणजे कामविषयक मिथ्याचारापासून दूर राहण्याविषयी, मात्र कोणी बोलत नाही. वस्तीतल्या एखाद्याचे बाहेर संबंध असल्याचे कळले, की ‘पुरुषाची जातच तशी’ म्हणून आम्ही मोकळे होतो आणि त्याच्या पत्नीला ‘मुलांकडे बघून सहन कर’ असे सांगतो.

माणसाचे शील जन्माने ठरते, हा विचार आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात नाकारला. मग पुरुषाच्या बाबतीत तोच विचार आपण कसा स्वीकारतो? त्या दिवशी प. पू. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये व्यभिचार न करण्याचीही प्रतिज्ञा आहे.

तर मग पुरुष असे का वागतो? तथागतांनी दुःखाचे मूळ तृष्णेत दाखविले. तृष्णा मिळाले त्यात समाधान मानत नाही. परंतु तृष्णा स्त्रीलाही असते. फरक आहे तो सवलतीचा. मुलीला दहा मिनिटांच्या उशिराचा जाब द्यावा लागतो, मुलाला कोणी विचारत नाही. बदलीचे गाव, हातातला पैसा, घरातला अबोला ही केवळ निमित्ते होत.

कायद्यानेही ही सवलत दीर्घकाळ जपली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ प्रमाणे विवाहितेशी तिच्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवणे हा गुन्हा होता. पतीची संमती असेल तर गुन्हा नाही! फसविल्या गेलेल्या पत्नीला तक्रारीचा अधिकारही नव्हता. म्हणजे स्त्री ही पतीची मालमत्ता! २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. व्यभिचार आता फौजदारी गुन्हा नाही. तथापि बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार तो घटस्फोटाचे कारण आहे.

राजगृह येथे सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली : पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरचा अधिकार तिच्या हाती सोपविणे आणि तिला अलंकार देणे. एकनिष्ठता पत्नीलाही सांगितली आहे, पण पतीची कर्तव्ये आधी येतात. हा क्रम आम्हास महत्त्वाचा वाटतो. सन्मान पहिला, एकनिष्ठता तिसरी. जो पत्नीला चारचौघांत ‘तुला काय कळते’ म्हणतो, त्याची पहिली दोन कर्तव्ये तेव्हाच मोडलेली असतात. तिसरे मोडायला मग वेळ लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शील एकाएकी ढळत नाही. बहिणीला एक नियम आणि आपल्याला दुसरा, हे ज्या दिवशी गोड वाटते, त्या दिवसापासूनच ते ढळू लागते. आणि सभासद बंधूंनो, यापुढे एखादी भगिनी आपली व्यथा घेऊन संस्थेकडे आली, तर तिला सहन करायला सांगू नये. तिच्या पतीला बोलावून, त्याने विहारात काय ग्रहण केले होते, हे विचारावे. तेवढे धैर्य आपण दाखविले नाही, तर आपले पंचशील ओठांवरच राहील.