गिटारची शिट्टी आणि पेडलांची साखळी

इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की तिच्या कंपनांतून पिकअपमध्ये बारीकसा विद्युत-संकेत तयार होतो. तो आवाजाचा पोत बदलणाऱ्या पेडलांमधून अॅम्प्लिफायरकडे जातो, मोठा होऊन स्पीकरवाटे खोलीत येतो, आणि तिथून हवेतून येऊन पुन्हा त्याच तारेवर आदळतो. या एका फेरीत संकेत जेवढा घटतो त्याहून जास्त वाढत असेल, आणि परतलेली लाट मूळ लाटेच्या पावलावर पाऊल टाकत असेल, तर कोणी न छेडताही तार वाजत राहते. हाच फीडबॅक. जाहीर सभेत माईक स्पीकरसमोर आला की फुटणारी किंकाळी यातलीच.

एकेकटी असताना शहाण्यासारखी वागणारी पेडले एकत्र जोडली की ओरडू लागतात, कारण त्यांच्या वाढीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. 20 डेसिबल वाढ म्हणजे व्होल्टेज दहापट. अशी तीन पेडले एकापुढे एक लावली की 60 डेसिबल, म्हणजे हजारपट. कानाला आवाज हजारपट झाल्यासारखा वाटत नाही, कारण डिस्टॉर्शन मोठ्या लाटेचा माथा छाटून टाकते. छाटला जातो तो जोरात वाजलेला स्वर. तार थांबल्यावर उरलेली बारीक खरखर मात्र पूर्ण हजारपटीने वाढते. शिट्टी गिटार वाजवताना नव्हे, तर दोन ओळींमधल्या विश्रांतीत निघते ती त्यामुळेच. साखळीत कॉम्प्रेसर असेल तर आणखी बिकट, कारण आवाज कमी झाला की वाढ चढवणे हेच त्याचे काम. फीडबॅकचा दोष एखाद्या पेडलवर टाकून ते बदलण्याचा मोह होतो, पण दोष बहुतेक वेळा एकूण वाढीचा असतो.

इंग्लंडमधल्या टेम्सकाठच्या मेडनहेड परिसराला हा आवाज जुना ओळखीचा आहे. मेडनहेड आणि शेजारचे विंडसर आज एकाच रॉयल बरोमध्ये मोडतात. विंडसरच्या रिकी-टिक क्लबात रोलिंग स्टोन्स आणि यार्डबर्ड्स वाजवत. जुलै 1966 मध्ये नॅशनल जॅझ अँड ब्लूज फेस्टिव्हल विंडसरला भरला, तेव्हा द हू आणि क्रीम तिथे वाजवून गेले. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या मायकेलँजेलो अँतोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’ चित्रपटासाठी रिकी-टिकची हुबेहूब नक्कल उभारली गेली. त्यात यार्डबर्ड्सचा जेफ बेक अॅम्प्लिफायरच्या नको त्या खरखरीने चिडून गिटार फोडतो. याच काळात दुसरीकडे फीडबॅक हवाहवासा झाला होता. बीटल्सनी 1964 च्या ‘आय फील फाइन’ची सुरुवातच त्याने केली, आणि द हूच्या पीट टाउनशेंडने त्याला मंचावर वाद्यासारखे वापरले. म्हणजे प्रश्न फीडबॅक संपवण्याचा नाही. तो वादकाच्या इच्छेने यावा आणि इच्छेने जावा, एवढाच आहे.

उपायाआधी फेरी नेमकी कुठे पूर्ण होते ते शोधावे लागते. त्याची कसोटी सोपी. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा. शिट्टी तरीही चालू राहिली तर फेरी पेडलांत किंवा अॅम्प्लिफायरमध्येच आहे, गिटारचा संबंध नाही. थांबली, तर व्हॉल्यूम पुन्हा वाढवून तारा तळहाताने दाबाव्यात. आता आवाज बंद पडला तर तारच वाजत होती. तारा दाबूनही टोकदार किंकाळी राहिली तर पिकअपचे वेटोळे किंवा त्याचे झाकण थरथरते आहे. असा पिकअप पॅराफिन आणि मधमाशीच्या मेणात बुडवून त्याची वेटोळी घट्ट करतात. मेण बेताचेच गरम, सुमारे 65 अंश सेल्सियसला ठेवतात, नाहीतर पिकअपचे प्लास्टिक वाकडे होते. हे काम जाणकाराकडे सोपवलेले बरे.

तारेचा फीडबॅक जागेवर अवलंबून असतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. स्पीकर तीन मीटरवर असेल तर आवाज यायला साधारण 9 मिलिसेकंद लागतात, आणि फेरी जुळू शकणारे स्वर एकमेकांपासून सुमारे 114 हर्ट्झवर पडतात. अर्धे पाऊल सरकले तरी हा हिशेब बदलतो. एक स्वर गप्प होतो, दुसरा उठतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, पण भिंतीला भिंत लागलेल्या इंग्लिश घरांतल्या बैठकीत भिंती तो परत पाठवतात आणि एवढा फायदा मिळत नाही. अशा खोलीत स्पीकरकडे पाठ करून, शरीर मध्ये घेऊन उभे राहणे आणि एखादा हट्टी स्वर इक्वलायझरने तेवढाच खाली ओढणे उपयोगी पडते.

पेडलांतल्या फेरीचा इलाज क्रमात आहे. वा-वा आणि ओव्हरड्राइव्ह आधी, डिले आणि रिव्हर्ब शेवटी हा रूढ क्रम उगाच पडलेला नाही. रिव्हर्बची शेपटी डिस्टॉर्शनच्या आधी आली तर तीही हजारपट वाढते. फझ मात्र खोडकर. 1966 मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने आणलेल्या फझ फेसचे इनपुट इम्पीडन्स इतके कमी असते की आधी वा-वा जोडल्यास वा-वाची चाल मंदावते आणि कधी शिट्टीही निघते. फझ अगदी पहिले ठेवावे, नाहीतर दोघांमध्ये एक बफर, म्हणजे एकाचे ओझे दुसऱ्यावर पडू न देणारे छोटे सर्किट, बसवावा. डिलेत फीडबॅकची घुंडीच असते. ती एका मर्यादेपुढे गेली की प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्याहून मोठा होत जातो. शेवटी प्रत्येक पेडलची पातळी अशी लावावी की ते चालू-बंद केल्यावर एकूण आवाज फारसा बदलू नये. हजारपट वाढीतले किती खरोखर हवे होते, ते इथेच उमगते.

सततची घूं हा फीडबॅक नव्हे. ब्रिटन आणि भारत, दोन्हीकडे घरची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, त्यामुळे ही घूं 50 किंवा 100 हर्ट्झवर असते. सगळी पेडले एकाच अडॅप्टरच्या वायरीवर लटकवली की डिजिटल पेडलची बारीक किणकिण इतरांत शिरते. प्रत्येकाला वेगळी, परस्परांपासून अलग असलेली वीज देणारा पुरवठा हा खरा उपाय. घूं घालवण्यासाठी अर्थिंग तोडणे हा प्राणघातक मूर्खपणा आहे. 1972 मध्ये स्वान्सीच्या मंचावर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मरण पावला.

नॉईज गेट हा सर्वांत शेवटचा इलाज. संकेत ठरावीक पातळीखाली गेला की गेट मिटते, म्हणून विश्रांतीतली शिट्टी ते उठण्याआधीच रोखते. एकदा शिट्टी मोठी झाली की गेटला तोच स्वर वाटतो आणि ते उघडेच राहते. चार केबलींनी जोडता येणारी गेट यासाठी बनली. ही गेट संकेताची पातळी थेट गिटारवर मोजतात आणि दार डिस्टॉर्शननंतर लावतात. त्यामुळे स्वराची लांब शेपटी तुटत नाही, आणि तार थांबली की गेट लगेच मिटते.