मुळातला प्राणी

हिंजवडीत रस्ता रुंद करायचा किंवा इमारतीचा पाया खणायचा म्हटलं, की जेसीबी आधी बांधावरची बाभूळ, बोर, एखादा जुना आंबा उपटतो. खोड वखारीत जातं, फांद्या सरपणाला. मुळांचा गुंता मात्र मुरमाच्या ढिगात पडून राहतो. काष्ठशिल्प करणाऱ्याचा डोळा नेमका त्यावर असतो.

मुळशीच्या टेकड्यांवर माती थोडी, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. सरळ खाली जाता न आलेलं मूळ फट शोधत वळतं, दगडाशी चेपून चपटं होतं. माती धुतली की त्यात मान, कणा, वेटोळं दिसू लागतं. फांदीचीही गंमत आहे. खोडातून ती फुटते तिथे लाकूड फुगलेलं असतं, कारण सगळा भार तिथेच पेलायचा. जनावराची मांडी तेच काम करते, म्हणून आकारही जवळचा.

पुढचं काम कंटाळवाणं. लाकूड महिनोन् महिने सावलीत वाळवायचं. उन्हात घाई केली तर तडे जातात. मग ब्रशने माती, बोथट सुरीने साल. भुंगेऱ्यांसाठी बोरॅक्सचं पाणी, त्यांनी पाडलेल्या भोकांत भुसा आणि फेविकॉल. शेवटी पॉलिश पेपर आणि अळशीचं तेल. रंग नाही. डोळासुद्धा शक्यतो लाकडातल्या गाठीचाच.

खरा वाद कापण्यावरून. काही जण नको तेवढं छाटून थांबतात, काही खुंटी मारून पाय जोडतात. माझं मत पहिल्यांकडे झुकतं. चार पाय हवेतच असतील तर सुताराकडे जावं. बगळा, साप, हरिण लवकर सापडतात. बैल मात्र भल्याभल्यांना चकवतो. गोठ्यात वाढलेला पाहुणा वशिंड दोन बोटं पुढे गेल्याचं दारातूनच सांगतो.

चित्रकार अवनींद्रनाथ टागोर (1871–1951) उतारवयात वाळक्या काटक्या-मुळांतून पशुपक्षी शोधत बसत. त्यांना ते ‘काटुम-कुटुम’ म्हणत. निलगिरीच्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीपासून केलेले पूर्ण आकाराचे हत्ती 2021 मध्ये लंडनच्या उद्यानांत उभे राहिले. त्यांची रीत उलटी: आधी लोखंडी सांगाडा, मग त्यावर उकळून वाकवलेल्या काड्या. आकार लाकडाने दिलेला नाही, माणसाने. तरीही आपल्या टेकड्यांवर माजलेली घाणेरी पाहिली की वाटतं, इथेही एखादा कळप उभा राहायला हरकत नाही.

पडलेलं लाकूड कुणाचंच नसतं, हा समज मात्र महागात पडू शकतो. राखीव वनातून वाळकी फांदीही परवानगीशिवाय उचलता येत नाही. पुरात वाहून काठाला लागलेल्या लाकडाचाही भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये विचार आहे: कलम 45 नुसार मालकी सिद्ध होईपर्यंत ते सरकारचं धरता येतं. त्यापेक्षा शेतमालकाला विचारावं. त्याला ते मूळ वाटेतून हलवायचंच असतं. ट्रॉलीचं भाडं तेवढं आपण द्यायचं.